शेवटची खुंटी

फादरांचा फोन आला तो एका दाराच्या तक्रारीसाठी. चर्चमधल्या लाकडी पडद्याचं छोटं दार नीट लागत नाही, लावलं तरी थोड्या वेळानं आपोआप उघडतं, शुक्रवारी भर प्रार्थनेत उघडलं आणि पुढच्या बाकावरची मुलं हसली. एकदा येऊन बघशील का, एवढंच ते म्हणाले.

मी लगेच हो म्हटलं. नाही म्हणायला कारण शोधावं लागलं असतं, आणि त्या चर्चबाबत मी आधीच पुष्कळ कारणं वापरून संपवली होती. उद्घाटनानंतर सहा महिने मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

२०१६ चा जून. रमजान चालू होता. दुपारी मस्कतच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उन्हाळ्यात साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा इथे कायदाच आहे, त्यामुळे बांधकामांवरच्या क्रेनही जागच्या जागी थिजलेल्या. आमचं सुतारकामाचं वर्कशॉप सहम नावाच्या गावात. तिथून यूनुसचाचा सकाळीच पिकअपमधून एका बंगल्याची दारं घेऊन मस्कतमधल्या कुरुमला आले होते. ते आमचे पॉलिशवाले, दापोलीकडचे. मी ऑफिसमधून उतरून त्यांच्या शेजारी बसले.

"रोजा माझा आणि तोंड तुझं सुकलंय," ते म्हणाले. "काय गो बेटी, घाबरलीस काय?"

"ऊन आहे, चाचा."

"ऊन माझ्यावरपण आहे."

त्यांनी गाडी सुरू केली.

ते चर्च मोठ्या आवाराच्या अगदी मागच्या कोपऱ्यात आहे. लहानसं, संत जोसेफच्या नावाचं. येशूच्या या सुतार बापाबद्दल मी आमच्या वर्कशॉपमधल्या सुताराला, तानाजीकाकांना, पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते खूश होऊन म्हणाले होते, "म्हंजे आमचाच माणूस की! मग बिघडलं तर सांभाळून घेईल." वॉचमननं किल्ली दिली आणि तो परत आपल्या खोलीत जाऊन झोपला. कुलूप मी उघडलं. शुक्रवारपासून आत कोणी गेलं नव्हतं.

आत काय आहे ते सांगायला हवं, कारण माझा सगळा अभिमान तिथेच होता.

इंग्लंडमध्ये आर्किटेक्चर शिकत असताना मी एका खेड्यातल्या चर्चची मोजमापं घेतली होती. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ते बांधलं ते आर्ट्स अँड क्राफ्ट्स या चळवळीतले लोक होते. यंत्रानं माणसाच्या हातातलं काम नेलं आणि कामातला आनंदही नेला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी सगळं हातानं घडवलं. खिळा नाही, लाकडाची खुंटी. सांधा लपवायचा नाही, उघडा ठेवायचा. हत्याराची खूण घासून काढायची नाही. दगड दगडासारखा दिसला पाहिजे आणि लाकूड लाकडासारखं. त्या थंड चर्चमध्ये बाकावर हात फिरवताना मला शंभर वर्षांपूर्वीच्या सुताराचा हात लागल्यासारखं वाटायचं. मी तिथेच ठरवलं की परत जाऊन असं काहीतरी करायचं. बाबा ज्या वर्कशॉपचे मॅनेजर होते तिथे दिवसभर मशीनवर स्वयंपाकघरांची कपाटं कापली जात. आणि तिथेच एका कोपऱ्यात असा माणूस बसलेला होता, ज्याला हे सगळं न शिकता येत होतं.

तानाजीकाका संगमेश्वरजवळच्या गावचे. सत्तावीस वर्षं ओमानमध्ये. मी शाळेत असताना सुट्टीत वर्कशॉपला जायचे, तेव्हापासून मला 'बाय' म्हणायचे. रंधा, पटाशी, वाकस ही हत्यारांची नावं मला त्यांनी शिकवली. घरी आम्ही भावंडं इंग्रजीतच बोलायचो.

चर्चचं काम मिळालं तेव्हा मी त्यांनाच घेतलं. छताच्या कैच्या, म्हणजे छत पेलणारे लाकडी त्रिकोण, उघड्या ठेवल्या. खालून वर पाहिलं की प्रत्येक सांध्यातली खुंटी दिसते. भिंतींना हातानं थापलेला चुन्याचा गिलावा. दारांचे कोयंडे इब्रा गावच्या सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, एका म्हाताऱ्या लोहाराकडून ठोकून आणले. खिडक्यांत छोट्या छोट्या रंगीत काचा. आणि वेदीच्या पुढे तो सागवानी पडदा, माणसाच्या दीडपट उंच, त्यावर लुबानाच्या, म्हणजे इथल्या धुपाच्या झाडाच्या फांद्या, बुलबुल आणि डाळिंबं कोरलेली. इंग्लंडात तिथे द्राक्षाचे वेल असतात. मी म्हटलं, इथल्या मातीत उगवतं तेच कोरायचं.

त्या दुपारी एसी बंद होता. आत पाऊल टाकलं तशी उष्णता अंगावर आली, आणि तिच्याबरोबर वास. ताज्या रंधलेल्या सागाचा.

यूनुसचाचा दारातच थांबले. त्यांनी नाक वर केलं.

"मी याला तीन हात पॉलिश मारलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "लाकूड आत कोंडलंय. वास यायला नको."

पडद्याचं छोटं दार उघडं होतं. त्याच्या पायरीवर काहीतरी चमकत होतं. मी वाकून पाहिलं. एक लांब स्क्रू, टोक वर करून, डोक्यावर उभा केलेला. शेजारी लाकडाची एक गोल टिकली, कुठेही चीर न गेलेली.

आम्ही दोघांनीही तो ओळखला. तो माझ्याच सांगण्यावरून बसवलेला होता.

इथे मला मागे जावं लागेल.

काकांच्या घराण्यात एक रीत होती. कामातली शेवटची खुंटी सुतार स्वतः ठोकत नाही. ज्यानं काम सांगितलं त्यानं ती ठोकायची. सुतारानं खुंटी भोकात बसवायची, हातोडा त्याच्या हातात द्यायचा आणि बाजूला व्हायचं. "तोवर सुतार त्या घरचा," काका म्हणायचे. "खुंटी बसली की मोकळा. मग हत्यारं उचलायची आणि घर गाठायचं." त्यांच्या आजोबांच्या कामाची शेवटची खुंटी ठोकणं एका खोतानं सहा महिने टाळलं होतं म्हणे, आणखी कामं काढून घेत राहिला. ते सहा महिने आजोबा घरी गेले नाहीत. मी ही गोष्ट माझ्या वहीत लिहून घेतली होती. फार आवडली होती मला.

२०१५ च्या जुलैअखेर पडदा पुरा झाला. छोट्या दाराच्या उभ्या पट्टीत एक खुंटी तेवढी बाकी. काकांनी ती भोकात टेकवली आणि हातोडा माझ्यापुढे धरला.

"बाय, मार."

मी पडद्याकडे पाहिलं. उजवीकडची दोन डाळिंबं मला मेलेली वाटली.

"काका, ही दोन पुन्हा करू या का? अजून जीव नाही आला."

ते हसले. "येईल. तीन दिवसांत आणतो." मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. रजेचा अर्ज. प्रेमाकाकूंचं, त्यांच्या बायकोचं, रत्नागिरीला ऑपरेशन होतं, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. "एवढा अर्बाबला दे. सही झाली की झालं."

अर्बाब म्हणजे आमचे ओमानी मालक, महमूद. रजेच्या अर्जावर ते उभ्याउभ्या सही करायचे. कधी कोणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मी तो अर्ज नकाशांच्या गुंडाळीत ठेवला. द्यायचाच आहे, आधी डाळिंबं होऊ देत, असं स्वतःला सांगितलं. डाळिंबांनंतर मला बुलबुलाची चोच खटकली. चोचीनंतर कठडा. काका रोज विचारायचे, "अर्बाब काय म्हणाला?" आणि पाचव्या दिवशी मी म्हणाले, "नाही म्हणाले, काका. काम पुरं होईपर्यंत नाही."

ते नुसतं "इन्शाल्ला" म्हणाले आणि पटाशी उचलली.

बाराव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ते चर्चमध्येच, पडद्याजवळ फळ्यांवर आडवे झाले. चहाच्या वेळी यूनुसचाचा उठवायला गेले. काका उठले नाहीत. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते, आणि टाके ओले असताना प्रेमाकाकूंनी नवऱ्याची शवपेटी उतरवून घेतली.

शोकसभेत मी बोलले. काकांनी कामाच्या प्रेमापोटी स्वतःहून रजा पुढे ढकलली, असं बोलले. लोकांचे डोळे भरून आले. माझेही आले, हे सांगायची लाज वाटते.

आणि ती खुंटी मी ठोकली नाही. हात होईना. उद्घाटनाला दोन दिवस असताना इलेक्ट्रिशियनला सांगून तिथे स्क्रू मारून घेतला, वर लाकडी टिकली चिकटवली, आणि चाचांना तिच्यावर पॉलिश करायला सांगितलं. सांधा लपवायचा नाही म्हणून दोन वर्षं सगळ्यांचं डोकं खाल्लेली मी.

आता तो स्क्रू पायरीवर उभा होता.

"पोरांनी काढला असेल," मी म्हणाले.

"कुठली पोरं?"

तेवढ्यात ते वाजलं.

टक टक... ठक्.

दोन हलके आणि एक जोराचा. मग थोडी शांतता. मग परत, टक टक... ठक्.

चाचांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी आजूबाजूला पाहिलंच नाही. ते सरळ पडद्याकडे गेले आणि त्यांनी त्यावर तळहात टेकवला, आजाऱ्याच्या छातीवर टेकवावा तसा.

"तानाजीचा हात आहे हा," ते म्हणाले. "वीस वर्षं शेजारी बसून ऐकलाय. हात लाव... लाव गो."

मी हात लावला. आवाज लाकडाच्या आतून येत होता. प्रत्येक घाव माझ्या मनगटापर्यंत पोचत होता. सागवान गरम होतं, उन्हानं तापतं तसं नाही, घासून तापतं तसं.

बाहेर पळून जावं असं वाटलं. चाचा मात्र पिकअपकडे जाऊन आले. हातात सागाचा तुकडा, सुरी आणि काकांचा लाकडी हातोडा. तो त्यांनी आपल्याजवळ ठेवला होता हे मला माहीत नव्हतं. त्यांनी पायरीवर बसून खुंटी तासली, भोकात टेकवली आणि हातोडा माझ्यापुढे धरला.

"काम कोणी सांगितलं होतं? तू. तू मार. अडकलाय बिचारा."

मी मारला. खुंटी सरळ आत गेली, पट्टीशी सपाट झाली. आवाज थांबला. चाचांनी हुश्श केलं. मीही श्वास सोडला.

मग खुंटी बाहेर यायला लागली.

सावकाश. मागच्या बाजूनं कोणी अंगठा लावून ढकलावी तशी. एक बोटभर बाहेर आली आणि थांबली. पट्टीच्या मागे मोकळी हवा होती, मी वाकून पाहिलं. कोणी नव्हतं.

दुसऱ्यांदा मारली. पुन्हा आली. तिसऱ्यांदा घाव चुकून बाजूच्या लाकडावर बसला, डाळिंबावर ओरखडा गेला. खुंटी आली ती आलीच.

"या अल्ला..." चाचा पुटपुटले. मग ते माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज बदलला होता. "बेटी, हा माणूस उगाच अडून बसणारा न्हवता. काय केलंयस तू?"

टक टक... ठक्.

"काही नाही."

ठक्.

"शिवांगी."

मी पडद्याकडे तोंड करून उभी होते. चाचांना सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून लाकडाला सांगितलं. "काका... अर्बाबना मी विचारलंच नव्हतं. तुमचा अर्ज माझ्याकडेच होता. अजून आहे."

वाजणं थांबलं. पण खुंटी तशीच बाहेर राहिली.

उपवासानं कोरड्या पडलेल्या ओठांवरून चाचांनी हात फिरवला.

"मी वर्षभर महमूदला सलाम केला न्हाय," ते म्हणाले. "समोर आला की तोंड फिरवायचो. तानाजीला यानं मारलं, असं कामगारांच्या सगळ्या कॅम्पला सांगितलं. शोकसभेत तू त्यालाच झाकतेस असं वाटलं. तो बिचारा विचारायचा, यूनुस, माझं काय चुकलं?" ते उठले. "मला सांगून काय व्हायचं. तानाजीला तर ठाऊकच असणार. जिला ठाऊक न्हाय, तिला सांग. लाव फोन."

"आत्ता?"

"मग काय ईदला?"

भारतात दोन वाजून गेले होते. प्रेमाकाकूंनी दुसऱ्या रिंगला फोन उचलला. जेवण झालं का, तिकडे ऊन किती, बाबा बरे आहेत ना, असं त्या विचारत राहिल्या. त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल माया होती. शोकसभेतलं माझं भाषण धनंजयनं, त्यांच्या मुलानं, त्यांना मोबाइलवर ऐकवलं होतं. कामाच्या प्रेमापोटी थांबले, हे त्या गावात सगळ्यांना सांगत.

मी सांगितलं. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुढे गेले नसते.

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता फक्त.

"अर्बाब न्हाय म्हणाला म्हणून ते फोनवर रडले होते," शेवटी त्या म्हणाल्या. "लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पहिल्यांदा. मी म्हटलं, पुरुषासारखा पुरुष आणि रडताय काय. ऑपरेशन काय, होऊन जाईल. गावात मात्र मी तुझंच भाषण सांगत आले."

"काकू, मला माफ..."

"ते ऱ्हाऊ दे." आवाज चढला नव्हता, पण माया गेली होती. "माझं मी बघीन. तू ती खुंटी मार. त्यांना घरी येऊ दे."

फोन चालूच ठेवून मी तो पायरीवर ठेवला. हातोडा उचलला. एक घाव घातला, आणि दोन आवाज झाले. माझा, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, जोराचा, मुरलेला. चाचांनी डोळे मिटले. मी पुन्हा मारला. पुन्हा दोन. तिसऱ्या घावाला खुंटी बसली, आणि या वेळी लाकडानं तिला धरलं. दार आपोआप फिरलं आणि लागलं. सागाचा वास गेला. राहिला तो चर्चचा नेहमीचा, मेणाचा आणि बंद हवेचा.

परतताना चाचांनी मला ऑफिसपाशी सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही. सहमला पोचल्यावर ते आधी महमूदच्या ऑफिसात गेले, असं बाबांनी रात्री सांगितलं. बाबांना मी सगळं सांगितलं. तेव्हापासून तेही जेवताना माझ्याकडे पाहत नाहीत.

पण मला हलकं वाटत होतं. हे मी कबूल करते. झोप येऊ लागली होती. खरं बोललं की सुटका होते, असं मी मानत होते.

नवव्या दिवशी दुपारी प्रेमाकाकूंचा फोन आला. आवाज पूर्वीसारखा, जवळजवळ आनंदी.

"बाय, ते आले गो घरी."

मी ऑफिसचं दार लावून घेतलं.

"पडवीत दुपारचं वाजतं. आधी मला भ्या वाटलं, पण आपल्याच माणसाचं काय भ्या. चार दिवस झाले, काहीतरी करतायत. कोपऱ्यात सागाच्या फळ्या होत्या त्यांच्याच, रोज एक उतरलेली असते. रंधलेली, अशी गुळगुळीत! धनंजय आलाय पुण्याहून, त्यानं मोजली. पाच फूट तीन इंचांवर पेन्सिलीची खूण हाय, चारी फळ्यांना. तो म्हणतो दाराची चौकट असेल. एवढी बुटकी चौकट कोण करतं, तू सांग. आमच्या घरात तर सगळे उंच." त्या जरा थांबल्या. "शेवटचं काम तुझं केलं होतं त्यांनी, म्हणून इचारते. तुझी उंची किती गो?"

त्यांच्या बोलण्यामागे मला रंध्याचा आवाज ऐकू येत होता. लांब, सरळ, न थांबणारा.

माझी उंची पाच फूट तीन इंच आहे.

"पाच सहा," मी म्हणाले.

"मग तुझं न्हवं ते," प्रेमाकाकू म्हणाल्या, जरा हिरमुसून.

त्यांच्या मागचा रंधा थांबला. मग लाकडावर पेन्सिल ओढल्याचा आवाज आला. सावकाश, एकच रेघ, माप पक्कं केल्यासारखी.